बडतर्फीचा ठराव करण्याआधी

संस्थेच्या सचिवांचा फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "साहेब, त्या सरांना काढलंय. ठराव झाला, पत्रही दिलं. आता ते कोर्टात गेले तर तुम्ही बघा." मी विचारतो, आरोपपत्र कधी दिलं? "तोंडी बऱ्याचदा समजावलं होतं." गोपनीय अहवाल? "मुख्याध्यापकांनी लिहिले असतील की." चौकशी समिती? "आमची अख्खी कार्यकारिणी बसली होती ना!" बोलणं इथवर आलं की पुढे काय होणार याचा अंदाज येतो.

माझी वकिली शाळांच्या आणि इतर मालकवर्गाच्या बाजूने झाली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. शाळा हरते तेव्हा शिक्षक निर्दोष ठरलेला असतोच असं नाही. बऱ्याचदा त्याच्या वागण्याचा प्रश्न न्यायाधिकरणासमोर नीट येतही नाही, कारण त्याआधीच संस्थेने गाळलेल्या पायऱ्या मोजल्या जातात. वकील अपिलाला उत्तर लिहू शकतो, पण दोन वर्षांपूर्वी न लिहिलेला अहवाल आज लिहून देऊ शकत नाही. म्हणून हा लेख वकिलाकडे जाण्याआधीच्या काळाबद्दल आहे. तो संस्थाचालकांसाठी आहे आणि त्यांच्याइतकाच मुख्याध्यापकांसाठीही, कारण निम्मी कागदपत्रं त्यांच्याच टेबलावर तयार होतात.

कायदा कोणाला लागू आहे

महाराष्ट्रातला मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977. त्याखालची नियमावली 1981 ची. सगळे त्याला 'एमईपीएस' म्हणतात. "आम्ही विनाअनुदानित आहोत, आम्हाला हा कायदा नाही," हे वाक्य मी अजून ऐकतो. मान्यताप्राप्त खासगी शाळेला सरकारी अनुदान मिळो वा न मिळो, कायदा लागू होतो, आणि तो शिक्षकांइतकाच लिपिक, शिपाई, प्रयोगशाळा सहायक यांनाही लागू होतो. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक आणि कळवलेल्या आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्तींच्या भरतीपुरती मोकळीक आहे. त्या मोकळिकीचा अर्थ 'कोणालाही कधीही काढता येतं' असा होत नाही.

शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलं. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळं शाळा न्यायाधिकरण आहे. गोव्याच्या वाचकांनी मात्र त्यांचा 1984 चा शालेय शिक्षण कायदा पाहावा. पुढे येणारे कलम-नियम क्रमांक तिथे चालणार नाहीत.

नेमणुकीच्या दिवशीच अर्धं काम होतं

सेवासमाप्तीच्या कित्येक वादांचं मूळ नेमणुकीच्या कागदात असतं. कायम स्वरूपाची जागा भरताना कलम 5 प्रमाणे आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे अतिरिक्त ठरलेला योग्य शिक्षक उपलब्ध आहे का, हे विचारावं लागतं. बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते. मग रीतसर निवड, आणि विहित नमुन्यातला नेमणूक आदेश. आदेश मिळाल्याची सही घ्या. ही एक सही नसल्यामुळे पुढे 'मला आदेशच मिळाला नव्हता' इथपासून वाद सुरू होतो.

कायम जागेवर नेमलेली व्यक्ती दोन वर्षं परिविक्षेवर असते. शिक्षण सेवक असेल तर तीन वर्षं. हा काळ पूर्ण झाला की ती व्यक्ती कायम झाली असं कायदा मानतो, मग तुम्ही कायम केल्याचं पत्र द्या अगर देऊ नका. काम समाधानकारक नसेल तर कलम 5(3) प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन सेवा संपवता येते, पण परिविक्षेचा काळ चालू असतानाच. मुदत संपल्यावर आठवड्याने दिलेली नोटीस ही कायम कर्मचाऱ्याला दिलेली नोटीस ठरते, आणि कायम कर्मचाऱ्याला चौकशीशिवाय काढता येत नाही.

ही सेवा संपवायलाही आधार लागतो. नियम 15(6) सांगतो की परिविक्षाधीन कर्मचाऱ्याच्या कामाचं मूल्यमापन मुख्याध्यापकांनी वस्तुनिष्ठपणे करायचं आणि त्याची नोंद ठेवायची. म्हणजे वर्गनिरीक्षणाच्या तारखा, कोणता पाठ पाहिला, काय उणं होतं, कोणती सूचना दिली, पुढच्या निरीक्षणात फरक पडला का. ही नोंद असेल तर आदेश चार ओळींचा पुरतो. नसेल तर चार पानी आदेशही टिकत नाही. आदेशात 'गैरवर्तन', 'अनैतिक', 'अप्रामाणिक' असे शब्द घालण्याचा मोह आवरा. असा कलंक लावणारा आदेश शिक्षेसारखा वाचला जातो आणि मग न्यायालय विचारतं, चौकशी कुठे आहे?

दर जूनमध्ये नेमायचं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी खंड द्यायचा, या जुन्या पद्धतीबद्दलही बोलायला हवं. ठरावीक मुदतीची नेमणूक आपोआप कायम होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थान एज्युकेशन सोसायटीच्या 1997 च्या निकालात म्हटलं आहे. पण त्या निकालाकडे बोट दाखवून तीच जागा, तीच व्यक्ती, तेच वेळापत्रक वर्षानुवर्षं चालवलं, तर जागा खरोखर तात्पुरती होती का, हा प्रश्न विचारला जाणारच. रजेवरची, प्रसूतीची, प्रतिनियुक्तीची जागा असेल तर आदेशात तसं कारण आणि मुदत लिहा. जागा कायम असेल तर कायम जागेच्या रीतीनेच भरा.

ऑगस्टअखेरची तारीख भिंतीवर लावा

गोपनीय अहवाल दरवर्षी लिहायचे, आणि प्रतिकूल शेरा असेल तर तो ऑगस्टअखेरपर्यंत कर्मचाऱ्याला लेखी कळवायचा, असं नियम 15 सांगतो. अहवाल लिहिलाच नाही किंवा शेरा वेळेत कळवला नाही, तर त्या वर्षीचं काम समाधानकारक होतं असं मानलं जातं. म्हणजे तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ कायदा कर्मचाऱ्याच्या बाजूने लावतो.

प्रत्यक्षात काय होतं? दहा वर्षं सगळ्यांना सरसकट 'चांगले' लिहिलं जातं. कोणाला दुखवायचं, हा विचार. मग एके दिवशी भांडण होतं आणि त्याच शिक्षकाला 'सेवेत आल्यापासून अकार्यक्षम' ठरवणारं पत्र निघतं. समोरचा वकील ते दहा अहवाल एकापाठोपाठ एक वाचून दाखवतो. त्यानंतर माझ्यापाशी बोलण्यासारखं फारसं उरत नाही.

सेवाज्येष्ठता यादीचंही तसंच. ती दरवर्षी अद्ययावत करा, सर्वांना दाखवा, सह्या घ्या, हरकती लेखी निकाली काढा. मुख्याध्यापकाच्या जागेसाठी नियम 3 प्रमाणे पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्या ज्येष्ठतम शिक्षकाचा विचार आधी करावा लागतो. डावललं गेल्याची तक्रार घेऊनही कर्मचारी न्यायाधिकरणात जाऊ शकतो. यादी भांडण सुरू झाल्यावर तयार केलेली असेल, तर तिच्यावर कोणी विश्वास का ठेवावा?

आधी शिक्षा ठरवू नका. आधी प्रकरणाचं वजन करा

नियमावलीत शिक्षा मोजक्या आहेत. ताकीद, ठपका, एक वर्षापर्यंत वेतनवाढ रोखणं आणि नुकसानीची वसुली या किरकोळ शिक्षा. पदावनती आणि सेवासमाप्ती या मोठ्या. या यादीबाहेरची शिक्षा शोधू नका. पगार अडवून ठेवणं, वर्ग काढून घेऊन दिवसभर कार्यालयात बसवणं, मस्टरवर सही करू न देणं, दूरच्या शाखेत 'धडा शिकवायला' बदली करणं, या सगळ्या गोष्टी पुढे संस्थेचा आकस सिद्ध करायला उपयोगी पडतात, आणि उपयोग कर्मचाऱ्याला होतो.

माझा अनुभव असा की दहा प्रकरणांतली बहुतेक किरकोळ शिक्षेतच संपायला हवी असतात. उशिरा येणं, पाठ टाचण न काढणं, पालकांशी उद्धट बोलणं, परीक्षेच्या कामात हलगर्जी. याला लेखी आरोप, खुलाशाची संधी आणि कारणांसह दिलेला ठपका पुरतो. तिघांच्या चौकशी समितीची गरज मोठ्या शिक्षेसाठीच असते. किरकोळ शिक्षेची साखळी नीट नोंदलेली असेल तर वागणं सुधारण्याची शक्यता बरीच असते. सुधारलं नाही, तर 'जाणूनबुजून आणि सतत कर्तव्यात कसूर' हा नियम 28(5) मधला आरोप सिद्ध करायला तुमच्याकडे काही असतं.

मोठी शिक्षा केव्हा? पैशाचा अपहार, बनावट प्रमाणपत्र, परीक्षेतली लबाडी, विद्यार्थ्यांशी गैरवर्तन, मारहाण. अशा वेळी कचरू नका, पण पुढच्या पायऱ्या एकही न गाळता चढा.

निलंबन ही शिक्षा नव्हे

निलंबनाचा उपयोग दोनच वेळी. प्रथमदर्शनी सेवासमाप्तीइतकं गंभीर प्रकरण असेल तेव्हा, किंवा व्यक्ती कामावर राहिल्याने चौकशीत अडथळा येणार असेल तेव्हा. शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्या. कनिष्ठ अध्यापक महाविद्यालय किंवा तांत्रिक हायस्कूल असेल तर उपसंचालकांची. परवानगी असेल तर पहिल्या चार महिन्यांचा निर्वाह भत्ता वेतन योजनेतून मिळतो, त्यापुढचा संस्थेने द्यायचा. परवानगी नसेल तर पहिल्या दिवसापासून संस्थेनेच द्यायचा. चार महिन्यांपलीकडे निलंबन न्यायचं तर पुन्हा परवानगी.

भत्ता मात्र काही झालं तरी थांबवू नका. निलंबित व्यक्तीने दुसरीकडे नोकरी धरली किंवा परवानगीशिवाय मुख्यालय सोडलं, एवढ्याच कारणांसाठी नियम तो रोखू देतात. घरी चूल पेटवायला पैसे नसलेला माणूस चौकशीला येऊन बचाव कसा करणार, असा प्रश्न न्यायालयं वारंवार विचारत आली आहेत, आणि त्या एका मुद्द्यावर संपूर्ण चौकशी रद्द झालेली उदाहरणं आहेत.

चौकशी समिती: पायरी पायरीने

नियम 36 आणि 37 संस्थेच्या प्रत्येक सचिवाने एकदा बसून वाचावेत. त्यांचा सांगाडा असा:

1. आरोपांचं निवेदन कर्मचाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवायचं आणि ते मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी खुलासा मागायचा. हे काम संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं, म्हणजे बहुधा सचिवांचं. आरोप मुख्याध्यापकावर असतील आणि तेच हे पद सांभाळत असतील तर अध्यक्षांचं.
2. खुलासा समाधानकारक नसेल तर तो पंधरा दिवसांत कार्यकारिणीपुढे ठेवायचा. कार्यकारिणीने पुढच्या पंधरा दिवसांत चौकशी करायची की नाही हे ठरवायचं. ठराव इतिवृत्तात कारणांसह लिहा, 'सर्वानुमते मंजूर' एवढ्यावर थांबू नका.
3. समितीत तिघे. एक संस्थेच्या कार्यकारिणीतला, एक कर्मचाऱ्याने कोणत्याही खासगी शाळेच्या कर्मचाऱ्यांतून निवडलेला, आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. मुख्याध्यापकाविरुद्ध चौकशी असेल तर अध्यक्ष स्वतः, मुख्याध्यापकाने निवडलेली व्यक्ती आणि पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापक.
4. कर्मचाऱ्याला आपला प्रतिनिधी आणि त्याचं संमतिपत्र कळवायला पंधरा दिवस द्यायचे. त्याने नाव दिलं नाही तरच समिती दोघांची होते. 'तो देणारच नाही' असं गृहीत धरून पहिल्या दिवसापासून दोघांची समिती चालवू नका.
5. समिती स्थापन झाल्यावर सात दिवसांत आरोपपत्र, आरोपांचं निवेदन आणि खुलासा निमंत्रकाकडे द्यायचा आणि आरोपपत्राची प्रत कर्मचाऱ्याला पाठवायची.
6. साक्षी, उलटतपासणी, कर्मचाऱ्याचे साक्षीदार आणि कागदपत्रं. मग कामकाजाचा सारांश आणि जबाबांच्या प्रती त्याला पाठवून पुढच्या खुलाशासाठी सात दिवस.
7. त्यानंतर दहा दिवसांत समितीने निष्कर्ष आणि निर्णय द्यायचा. संस्थेने तो मिळाल्यापासून सात दिवसांत आदेश काढायचा. ही सगळी चौकशी साधारणपणे 120 दिवसांत पुरी व्हावी अशी नियमांची अपेक्षा आहे.

यातल्या चार ठिकाणी शाळा सर्वांत जास्त घसरतात.

पहिलं, आरोपपत्राची भाषा. 'आपले वर्तन शाळेच्या प्रतिष्ठेस बाधा आणणारे आहे' हा आरोप नव्हे, ते मत झालं. 'अमुक तारखेला सकाळी मस्टरवर सही करून आपण तिसऱ्या व चौथ्या तासाला, इयत्ता नववी ब आणि दहावी अ या वर्गांवर गेला नाहीत आणि परवानगीशिवाय शाळेबाहेर होता' हा आरोप. तारीख, वेळ, जागा, कृत्य, आणि ते कशावरून सिद्ध करणार त्या कागदाचा उल्लेख. दहा मोघम आरोपांपेक्षा दोन नेमके आरोप बरे. मोघम आरोपांचा पसारा न्यायाधीशांना संस्थेच्या हेतूबद्दल शंका आणतो.

दुसरं, तक्रारदारच न्यायाधीश. ज्या सचिवांशी शिक्षकाचं भांडण झालं, तेच समितीत. ज्या संचालकांनी तक्रार लिहिली, तेच निमंत्रक. असं करू नका. कार्यकारिणीत वादापासून दूर असलेला एक तरी सदस्य असतो, त्याला नेमा.

तिसरं, समिती एकत्र न बसणं. निमंत्रक अहवाल लिहून आणतात, पुरस्कारप्राप्त शिक्षक सही करतात आणि कर्मचाऱ्याचा प्रतिनिधी वेगळं मतपत्र पाठवतो. विद्या विकास मंडळाच्या 2007 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम 37(6) ची चौकट पाळली जाणं आवश्यक मानलं आहे. तिघांनी बसावं, चर्चा करावी, मतभेद असेल तर त्याच कागदावर नोंदवावा. प्रत्येक बैठकीच्या रोजनाम्यावर हजर असलेल्या सर्वांच्या सह्या, कर्मचाऱ्यासह. सही नाकारली तर 'सही नाकारली' अशी नोंद.

चौथं, समितीने शिफारस केली आणि संस्थेने त्याहून मोठी शिक्षा दिली. नियमांत समिती निर्णय देते आणि संस्था तो अमलात आणते. समितीने वेतनवाढ रोखायला सांगितलं असताना कार्यकारिणीने बडतर्फीचा ठराव करणं म्हणजे अपील स्वतःहून हातात देणं.

टपालाबद्दल एक व्यवहारी गोष्ट. 2025 मध्ये डाक खात्याने रजिस्टर पोस्ट सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे. पाठवताना नोंदणीचा आणि पोचपावतीचा पर्याय आठवणीने मागून घ्या. शिवाय एक प्रत हाती देऊन सही घ्या. कारणे दाखवा नोटीस शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याचा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. ती बजावणी मुळीच नव्हे, ती बदनामी ठरू शकते.

सीसीटीव्हीचं चित्रण पुराव्यात द्यायचं असेल तर त्याच आठवड्यात प्रत काढून ठेवा, कारण बहुतेक यंत्रं काही दिवसांनी जुनं पुसून नवं साठवतात. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ते कोण देणार, हेही तेव्हाच ठरवा.

राजीनामा: स्वच्छ किंवा अजिबात नको

नेमणुकीच्या वेळी तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घेऊन कपाटात ठेवायची, ही काही संस्थांची सवय आहे. असा कागद आज तुमच्या कपाटात असेल तर तो तुमचं संरक्षण करणार नाही, तुमच्याविरुद्ध साक्ष देईल. कलम 7 प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत, सही आणि तारखेसह, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेकडे, असा मार्ग आहे. नियम 40 प्रमाणे कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याला एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. निलंबन आणि चौकशी चालू असताना दिलेला राजीनामा स्वीकारता येत नाही. 'चौकशी नको असेल तर राजीनामा लिही' असं केबिनमध्ये बसवून मिळवलेला कागद दुसऱ्या दिवशी पोलिसांतल्या तक्रारीसह परत येतो.

अपील झालं तर

कर्मचाऱ्याला आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, आणि योग्य कारण असेल तर उशीर माफ होतो. 'उद्यापासून येऊ नका' असं तोंडी सांगितलं तरी ती सेवासमाप्तीच. लेखी आदेश दिला नाही म्हणून अपील होणार नाही, या भ्रमात राहू नका. न्यायाधिकरणाच्या आदेशावर पुन्हा अपील नाही, पुढची वाट उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेची.

न्यायाधिकरण कामावर परत घ्यायला सांगू शकतं, मागील पगार देऊ शकतं, शिक्षा कमी करू शकतं. परत घेणं योग्य वाटलं नाही तर दहा किंवा अधिक वर्षं सेवा असलेल्याला बारा महिन्यांचा आणि त्याहून कमी असलेल्याला सहा महिन्यांचा पगार भरपाई म्हणून देऊ शकतं. पण भरपाईवर भागेल असा हिशेब करून कारवाई करू नका. क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालयाच्या 2013 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेकायदा काढलेल्या व्यक्तीला कामावर परत घेणं आणि पूर्ण मागील पगार देणं हा सर्वसाधारण नियम आहे. ती व्यक्ती मधल्या काळात दुसरीकडे कमवत होती असं संस्थेचं म्हणणं असेल, तर ते संस्थेने सिद्ध करायचं.

आकडा डोळ्यांसमोर आणा. महिना 60,000 रुपये पगार आणि पाच वर्षं चाललेलं प्रकरण म्हणजे 36 लाख रुपये, वाढी वेगळ्या. अनुदानित शाळेतही हा भार शासन उचलेल असं धरून चालू नका.

म्हणून अपिलाची नोटीस आली की तिसऱ्याच दिवशी प्रामाणिक हिशेब करा. चौकशीत दोष असेल तर लवकर तडजोड करा. ती लेखी असू द्या, न्यायाधिकरणासमोर नोंदलेली असू द्या, आणि तिच्यात अनुभव प्रमाणपत्र, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, सेवापुस्तकातल्या नोंदी हे सारं स्पष्ट असू द्या. मी माझ्या पक्षकारांना तडजोडीचा सल्ला देतो तेव्हा काहींना वाटतं वकील घाबरला. चालू खटला संस्थेच्या सभांमधला वेळ कसा खातो, हे त्यांना दोन वर्षांनी कळतं.

मुलांच्या सुरक्षिततेत थांबायला जागा नाही

वरची सगळी सबुरी एका ठिकाणी लागू होत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा शंका असेल, तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आधी आमची अंतर्गत चौकशी होऊ द्या' याला कायद्यात जागा नाही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा कळवला नाही तर कलम 21 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर शाळेच्या विश्वस्तांवरही माहिती न दिल्याचा गुन्हा नोंदला गेला. आधी पोलीस, पालक आणि मुलाची सुरक्षितता. त्याच दिवशी आरोपी व्यक्तीला मुलांपासून दूर करणं. आणि समांतर नियमांप्रमाणे निलंबन व चौकशी. मुलाचा जबाब शाळेत पुन्हा पुन्हा घेऊ नका.

कर्मचारी महिलेची लैंगिक छळाची तक्रार 2013 च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे जाते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती असायला हवी, आणि चौकशी 90 दिवसांत पुरी व्हायला हवी. तक्रार आल्यावर समिती नेमणारी शाळा आधीच हरलेली असते. आजच नावांचा फलक लावा.

विद्यार्थ्याला मारणं आणि मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने निषिद्ध आहे. 'आमच्या वेळी छडी चालायची' असं म्हणणारे विश्वस्तही मी पाहिले. तुमच्या वेळी हा कायदा नव्हता.

दोन चालू विषय

शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल (टीईटी) सध्या घाईचे निर्णय होत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी निकाल दिला की शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेतल्या शाळांमधल्या सेवेतील शिक्षकांनाही ही पात्रता लागेल. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्यांना दोन वर्षांची मुदत, आणि पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सेवेत राहता येईल, पण पदोन्नती नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे. मुदत संपण्याआधी स्वतःच्या अधिकारात कोणालाही काढू नका, आणि त्या त्या वेळचा शासन आदेश वाचूनच पाऊल टाका. कर्मचाऱ्यांची यादी मात्र आजच करा: कोण पात्र, कोणाची मुदत केव्हा.

ग्रॅच्युइटीचा वाद आता मिटला आहे. 2009 च्या दुरुस्तीने शिक्षकांना 3 एप्रिल 1997 पासून ग्रॅच्युइटीच्या कायद्यात आणलं, आणि 29 ऑगस्ट 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. विनाअनुदानित शाळांनी दरवर्षी यासाठी तरतूद बाजूला काढावी. निवृत्त शिक्षिकेला दोन वर्षं हेलपाटे घालायला लावून शेवटी व्याजासह पैसे भरणारी संस्था काहीही वाचवत नाही.

वकिलाकडे येताना

फाईल घेऊन या: नेमणूक आदेश, वैयक्तिक मान्यता, सेवापुस्तक, सर्व वर्षांचे गोपनीय अहवाल, आधीचे ज्ञापन आणि खुलासे, मस्टरच्या प्रती, इतिवृत्ताची मूळ वही, जावक नोंदवही. अडचणीचा कागदही आणा. तो समोरच्याकडे असतोच. तारखा मागून घालू नका, इतिवृत्तात नंतर ओळी घुसवू नका. शाईचा रंग, जावक क्रमांकातली गडबड, सभेला गावाबाहेर असलेल्या सदस्याची सही, हे उलटतपासणीत पाच मिनिटांत उघडं पडतं, आणि मग खऱ्या कागदांवरचा विश्वासही जातो.

आणि वकिलाला 'याला काढायचंय' असं सांगू नका. काय घडलं, कोणी पाहिलं, कशावर लिहिलं आहे, एवढं सांगा आणि विचारा, याला कोणती कारवाई शोभेल? उत्तर कधी 'ठपका द्या' असेल, कधी 'तीन महिने थांबा, निरीक्षणं नोंदवा', कधी 'आजच पोलिसांकडे जा'. चांगला वकील हे तिन्ही सांगतो. कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत बडतर्फीचा विषय असेल, तर तो पत्रिकेवर चढण्याआधी नियम 36 आणि 37 ची प्रत प्रत्येक सदस्याला द्या आणि 'याला कोणती कारवाई शोभेल?' हा प्रश्न पहिला घ्या.